जुनं वायर्ड अलार्म पॅनेल चालू करावं की सगळं काढून वायरलेस बसवावं?

अजिंक्यतारा_पायथा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात जुनं रो-हाउस घेतलंय, तळमजला आणि वर एक मजला. आधीच्या मालकांनी घरफोडीचा अलार्म बसवला होता, पण तो किमान तीन वर्षं बंद आहे आणि कोड त्यांना आठवत नाही. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात डीएससी कंपनीच्या पॅनेलचा, पीसी१८३२ असं लिहिलेला बोर्ड आहे, सोबत १२ व्होल्टची फुगलेली बॅटरी. मुख्य दाराजवळ पीके५५०० कीपॅड. भिंतीतून सहा ठिकाणी चार तारांची केबल निघते. त्यातल्या दोन टोकांना पिवळे पडलेले पीआयआर (माणसाची उष्णता हलताना ओळखणारे सेन्सर) आहेत, बाकीच्या तारा नुसत्या लोंबताहेत.

दारं अशी: पुढे दोन फळ्यांचं सागवानी दार, बाहेरून कडीकोयंडा. परसदार लोखंडी पत्र्याचं. जिन्याच्या टोकाला गच्चीचं लाकडी दार. हॉलला अॅल्युमिनियमच्या दोन सरकत्या खिडक्या, बाहेरून गज. हॉलमध्येच देवघर. मांजर एक. दिवाळीत आणि मे महिन्यात घर दहा-पंधरा दिवस बंद असतं.

एक जण म्हणतो सगळं काढून वायरलेस किट लावा, दोन तासांचं काम. जुनं ठेवण्यात अर्थ आहे का? सेन्सर कुठे कोणते? प्रोग्रॅमिंग घरी जमतं का? लँडलाइन नाही, मोबाइलवर कळायला हवं.

---

मल्टिमीटर

ठेवा. त्या घरातली सगळ्यात महागडी गोष्ट पॅनेल नाही, भिंतीतून गेलेली केबल आहे. पीसी१८३२ मध्ये बोर्डावरच ८ झोन, म्हणजे सेन्सर जोडायच्या वेगवेगळ्या जागा आहेत, तुम्हाला सात पुरतील. फुगलेली बॅटरी मात्र आज काढा, ती चार्जिंगवर राहिली तर गळते आणि आम्लाने बोर्ड खाते.

आधी तारा तपासा. दोन्ही टोकं सोडवायची, एकाही टोकाला काही जोडलेलं नको. कुठल्याही दोन तारांमध्ये मीटरने काहीच दाखवता कामा नये. मग लांबच्या टोकाला दोन तारा एकमेकींना पिळून इकडून मोजा. अलार्मची नेहमीची केबल ०.२२ चौरस मिलिमीटरची असते, एका तारेला १०० मीटरमागे साधारण ८ ओहम. म्हणजे २० मीटर लांबीला जाऊन-येऊन तीन-साडेतीन ओहम यायला हवेत. पंधरा-वीस ओहम आले किंवा आकडा नाचत राहिला, तर मध्ये कुठेतरी पिळून टेप गुंडाळलेला सांधा आहे. साताऱ्याच्या पावसाळ्यात असे सांधे आतून हिरवे पडतात. तो शोधून रेणने जोडा, वर हीटश्रिंक. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेलं असेल तर तेवढा तुकडा बदला.

ट्रान्सफॉर्मर पाहा. या बोर्डाला १६.५ व्होल्ट एसी, ४० व्हीए लागतो आणि प्रायमरी २३० व्होल्टची हवी. अमेरिकेहून आलेल्या सेटमध्ये प्लगमध्ये बसणारा १२० व्होल्टचा असतो, तो इथे लावला की जळतो. सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट डीसी अॅडॉप्टरही चालणार नाही. २३० व्होल्टच्या बाजूचं काम इलेक्ट्रिशियनकडून, वेगळ्या फ्यूजवर.

कोड विसरल्यावर फॅक्टरी रीसेट असा: वीज आणि बॅटरी दोन्ही काढा. झेड१ (झोन १) आणि पीजीएम१ (बाहेरचं उपकरण चालवणारं आउटपुट) या टर्मिनलवरच्या सगळ्या तारा सोडवा, त्या दोघांमध्ये वायरचा छोटा तुकडा जोडा. फक्त वीज चालू करा, दहा सेकंद थांबा, वीज बंद करा, तुकडा काढा, पुन्हा चालू करा. आता मास्टर कोड (घरमालकाचा) १२३४, इन्स्टॉलर कोड (सेटिंग बदलायचा) ५५५५. वीज चालू करताना बोर्डावरचा रिले टकटक वाजला, तर आधीच्या अलार्मवाल्याने इन्स्टॉलर लॉकआउट घातलाय. मग हा रीसेट लागत नाही. त्याचा कोड मिळवा, नाहीतर बोर्ड बदला. निर्णय इथेच होईल, त्यामुळे बाकी काही विकत घेण्याआधी हे करून बघा.

---

परसदार

सेन्सरबद्दल लिहितो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी दारं, मग खिडक्या, मग पीआयआर. लोक उलट करतात, हॉलमध्ये एक पीआयआर टांगतात आणि समाधान मानतात. चोर आत येऊन चार पावलं टाकेपर्यंत अलार्मला पत्ता नसतो.

पुढचं दार. दोन फळ्या म्हणजे दोन मॅग्नेटिक काँटॅक्ट (चुंबक लांब गेलं की सुटणारे स्विच), सिरीजमध्ये. एकाच फळीला लावला तर दुसरी फळी वरची कडी सोडून उघडता येते आणि पॅनेल झोपलेलं राहतं. रीड, म्हणजे स्विच, असलेला भाग चौकटीवर, चुंबक फळीवर, बिजागरीपासून लांबच्या कडेला. पाकिटावर २० मिलिमीटर लिहिलं असेल तरी प्रत्यक्ष फट ८ ते १० ठेवा. सागवान असलं तरी लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि मे महिन्यात आकसतं, ती हालचाल उरलेल्या अंतरात सामावली पाहिजे. चौकटीत भोक पाडून बसवायचा काँटॅक्ट हातोडीने ठोकू नका, आत काचेची नळी असते. ती तडकली की रीड कधी चिकटतो कधी सुटतो आणि दोष सापडत नाही.

परसदार. लोखंडी पत्र्यावर साधा प्लास्टिकचा काँटॅक्ट लावू नका. लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं, २० मिलिमीटरचा काँटॅक्ट निम्म्या अंतरावरही डळमळतो. अॅल्युमिनियम बॉडीचा हेवी ड्यूटी काँटॅक्ट घ्या, शटरला वापरतात तसला, आणि दोन्ही तुकड्यांखाली ५-६ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी द्या. वाऱ्याने हे दार खडखडत असेल तर आधी अडसर घट्ट करा. खडखडणाऱ्या दारावर कोणताही सेन्सर टिकत नाही.

गच्चीचं दार. रो-हाउसमध्ये ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. एका टोकाच्या घरावर चढलं की सगळ्या गच्च्या मोकळ्या. इथे काँटॅक्ट हवाच, शिवाय जिन्याच्या वळणावर पीआयआर.

खिडक्या. गज बाहेरून आहेत, तरी सरकत्या काचांना एकेक छोटा काँटॅक्ट लावून दोन्ही एका झोनवर घ्या. रात्री हवेसाठी बोटभर फट ठेवायची सवय असेल तर चौकटीवर दुसरं चुंबक त्या जागी लावायची क्लृप्ती करू नका. चुंबक काढून नेणाऱ्याला ती फार सोपी पडते. सरळ तो झोन त्या रात्रीपुरता बायपास करा.

पीआयआर. उंची २.१ ते २.४ मीटर, कोपऱ्यात. तोंड असं की येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ अंगावर येणाऱ्या माणसाला तो उशिरा पकडतो. देवघराकडे तोंड नको, समईची ज्योत हलती उष्णता आहे. खिडकीकडे नको, उन्हाने तापलेला पडदा वाऱ्याने हलला की झालं. आणि ट्यूबलाइटजवळ अजिबात नको! ट्यूबखाली किडे, किड्यांमागे पाल. पाल भिंगावरून चालली की पीआयआरला ती अख्ख्या खोलीएवढी दिसते. केबल आत जाण्याचं भोक सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आतल्या सर्किटवरच वारूळ करतात.

मांजरासाठी २५ किलोपर्यंत चालतो असं लिहिलेला पीआयआर मिळतो, पण ते गणित जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याचं. मांजर कपाटावर उडी मारतं, मग वजनाचा काही संबंध राहत नाही. घरी असताना पीआयआर बंद राहतील असं प्रोग्रॅमिंग करा, आणि घर सोडताना मांजर बाहेर आहे ना ते पाहा.

पिवळे पडलेले दोन्ही पीआयआर फेकून द्या. भिंग धुरकट झालं की पल्ला उतरतो.

---

मल्टिमीटर

लॉकआउट नसेल तर आता प्रोग्रॅमिंग. झोन असे धरतो: १ पुढचं दार, २ परसदार, ३ गच्ची, ४ हॉलचा पीआयआर, ५ जिन्याचा पीआयआर, ६ खिडक्या, ७ पलंगाजवळचं पॅनिक बटण. सहा केबल आणि सात झोन, म्हणजे पॅनिकसाठी एक नवी केबल ओढा. ओढणं जमत नसेल तर कीपॅडवरची पॅनिकची कळ दोन सेकंद दाबून धरणं हाच पर्याय.

कीपॅडवर स्टार ८, मग ५५५५. आत गेल्यावर तीन आकडी सेक्शन नंबर दाबत जायचं.

सेक्शन ००१, झोनचे प्रकार, ओळीने दोन-दोन आकडे: ०१ ०३ ०३ ०५ ०५ ०३ ११ ००. यातला ०१ म्हणजे उशिराने वाजणारा, पुढच्या दारासाठी. ०३ लगेच वाजणारा. ०५ सगळ्यात कामाचा: पुढचं दार आधी उघडलं असेल तर पीआयआर तुम्हाला तेवढाच वेळ देतो, दार न उघडता कुणी हॉलमध्ये उगवला तर लगेच बोंबलतो, आणि घरी असताना आपोआप गळतो. ११ चोवीस तास जागा. ०० म्हणजे रिकामा. ०४ आणि ०५ मध्ये घोळ घालू नका, ०४ घरी असतानाही चालू राहतो आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्यावर वाजतो.

सेक्शन ००५, मग ०१: आत येण्याचा वेळ ०३०, दुसरा ०४५, बाहेर जाण्याचा ०९०. कडी, कोयंडा, कुलूप लावायला वेळ जातो, म्हणून बाहेरचा दीड मिनिट. आत येण्याचा वाढवू नका, कीपॅड दाराशीच आहे, तीस सेकंद भरपूर. याच सेक्शनमध्ये ०९ मध्ये सायरन किती मिनिटं वाजायचा ते: ००४.

लँडलाइन नाही, म्हणून सेक्शन ०१५ मधला पर्याय ७ आणि सेक्शन ३८० मधला पर्याय १ बंद. हे राहिलं तर कीपॅडवर पिवळा ट्रबलचा (बिघाडाचा) दिवा कायम पेटलेला राहतो. मग घरातल्यांना तो दिवा पाहायची सवय होते, आणि खरंच बॅटरी गेली की कुणाचंच लक्ष जात नाही.

सेक्शन ००६ इन्स्टॉलर कोड, ००७ मास्टर कोड. दोन्ही बदला. ५५५५ आणि १२३४ हे कोड या पॅनेलचं पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतात. जन्मसाल आणि गाडीचा नंबर नको.

# दाबून बाहेर या. रोज वापरताना एक गंमत लक्षात ठेवा: कोड दाबल्यावर पुढचं दार उघडलं नाही तर पॅनेल समजतं तुम्ही घरातच आहात आणि पीआयआर गाळून टाकतं. मागच्या दाराने बाहेर पडायची सवय असलेल्यांचं घर असंच अर्धवट पहाऱ्यावर राहतं.

झोनच्या शेवटी ५६०० ओहमचा रेझिस्टर हवा, रंग हिरवा-निळा-लाल. तो सेन्सरच्या आत लावायचा. अलार्मवाले वेळ वाचवायला तो पॅनेलच्या डब्यातच लावतात. तसं केलं तर वाटेत कुणी दोन तारा एकत्र पिळल्या तरी पॅनेलला सगळं आलबेल दिसतं, रेझिस्टर असण्याचा उपयोगच संपतो.

---

झोन_आठ

मल्टिमीटर यांचं बाकी सगळं मान्य, फक्त एक रेझिस्टर पुरे हे नाही. एकाच रेझिस्टरमध्ये तार तुटणं आणि दार उघडणं पॅनेलला सारखंच दिसतं. शिवाय अलार्म बंद असताना दिवसा घरी आलेल्या कुणी पीआयआरचं झाकण उघडून आत जंपर टाकला तर कळणार कसं? चारच तारा आहेत, दोन विजेला जातात, टॅम्परला (झाकण उघडल्याचं कळवणाऱ्या स्विचला) वेगळी जोडी उरत नाही. म्हणून दोन रेझिस्टर.

सेक्शन ०१३ मध्ये पर्याय १ बंद, पर्याय २ चालू. जोडणी: तार आत आली की आधी टॅम्परचा स्विच, मग एक ५६०० ओहम सिरीजमध्ये, मग अलार्मचा काँटॅक्ट, आणि त्या काँटॅक्टच्या दोन्ही टोकांवर आडवा दुसरा ५६००. दार बंद असताना मीटरवर ५.६ किलोओहम, उघडल्यावर ११.२, तार तुटली तर अनंत, शॉर्ट झाली तर शून्य. चार अवस्था, चार वेगळे आकडे. पुढच्या दाराला दोन काँटॅक्ट आहेत, तिथे आडवा रेझिस्टर दोघांना मिळून एकच, प्रत्येकी वेगळा नाही. नाहीतर दोन्ही फळ्या उघडल्या की १६.८ होतात आणि पॅनेल गोंधळतं. ही सेटिंग सगळ्या झोनना एकदम लागू होते, एकाला दोन आणि एकाला एक असं चालत नाही.

सायरन. बेलच्या (म्हणजे सायरनच्या) टर्मिनलवर ७०० मिलिअँपिअरपर्यंतच भार घाला. ३०० मिलिअँपिअरचे दोन पिएझो हूटर बसतात: एक बाहेर छज्जाखाली, शिडीशिवाय हात पोचणार नाही अशा उंचीवर, आणि एक आत जिन्यात. आतला जास्त महत्त्वाचा. बंद जिन्यात १०० डेसिबलच्या वर आवाज घुमला की कपाट उचकटत बसणं अवघड होतं. सायरनला अलार्मची बारीक केबल वापरू नका. ३० मीटरला जाऊन-येऊन पावणेपाच ओहम होतात, ०.७ अँपिअरला सव्वातीन व्होल्ट वाटेतच खर्च. १२ व्होल्टचा हूटर ९ व्होल्टवर घोगरा वाजतो. एक चौरस मिलिमीटरची तार टाका, तोटा एका व्होल्टच्या आत येईल.

वायरलेसबद्दल. तुम्हाला सांगितलेलं दोन तासांचं किट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवालं, एकतर्फी सेन्सरचं असेल. त्यात सेन्सर ठरावीक कोड हवेत सोडतो, पॅनेलने ऐकला की नाही हे त्याला कळत नाही. सेन्सरची बॅटरी मेली, कुणी तो काढून नेला, पॅनेल गप्प. कोड बदलत नसल्याने ऐकून पुन्हा वाजवणंही अवघड नाही. त्याच लहरींवर शेजारच्या गेटचं रिमोट आणि दारावरची बिनतारी घंटा. दोन्ही बाजूंनी बोलणारी, दर काही मिनिटांनी सेन्सरची हजेरी घेणारी वायरलेस सिस्टिम वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना मोकळा आहे आणि चांगल्या सिस्टिम त्यावर चालतात. तार टाकता येत नाही अशा फ्लॅटमध्ये मी तीच सुचवेन. पण भिंतीत तयार केबल असताना त्यासाठी दुसऱ्यांदा पैसे का द्यायचे?

---

वऱ्हाडी_वायरमन

पीआयआरबद्दल एक भर, तुम्ही मे महिन्यात घर बंद ठेवता म्हणून. पीआयआर हालचाल पाहत नाही. शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक हलताना पाहतो. कपडे-त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर. मे महिन्यात बंद घरातल्या भिंतीही तिथेच पोचतात, मग फरक उरतच नाही आणि माणूस समोरून गेला तरी सेन्सर आंधळा. नागपूर-अकोल्याकडे हे दरवर्षीचं. साताऱ्यात त्रास कमी, पण पश्चिमेच्या खोलीत होईलच. तापमान भरपाई असलेला पीआयआर घ्या, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. हॉलमध्ये पीआयआर अधिक मायक्रोवेव्ह असा दुहेरी लावला तर उत्तम, दोन्हींनी एकदम पकडलं तरच तो वाजतो. त्याच्या मायक्रोवेव्हचा पल्ला मात्र आतल्या स्क्रूने खोलीपुरता कमी करा. त्या लहरी काच आणि पातळ भिंत ओलांडतात, अंगणातल्या माणसाने निम्मी अट उगाच पूर्ण होते. चाचणी भर दुपारी घ्या. सकाळी सातला केलेली चाचणी मे महिन्यात काही सांगत नाही.

बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास. हिशेब: बोर्ड साधारण ११०, कीपॅड १०० धरा, डायलर (मोबाइलवर आपोआप कॉल लावणारं यंत्र) ८०, दोन पीआयआर ३०, मिळून ३२० मिलिअँपिअर. सात भागिले ०.३२ म्हणजे २२ तास कागदावर. नव्या बॅटरीचे ८० टक्के धरले तर १७ तास. वादळात लाइन दोन दिवस गेली तर पुरणार नाही. तशी वेळ येत असेल तर ट्रान्सफॉर्मर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. बॅटरी जोडलेली नसताना चार्जिंगच्या तारांवर १३.६ ते १३.८ व्होल्ट यायला हवेत. बॅटरी तीन वर्षांनी बदला. पत्र्याच्या छपराखालचा माळा असेल तर दोनच वर्षं धरा, उष्णतेने ती आधी मरते. बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवा.

---

परसदार

मोबाइलवर कळण्यासाठी वेगळा जीएसएम डायलर. पीजीएम२ आणि ऑक्स प्लस (सेन्सरना वीज देणारं टर्मिनल) यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा रिले, त्याच्या कॉइलवर उलटा डायोड, आणि रिलेचा काँटॅक्ट डायलरच्या इनपुटला. सेक्शन ००९ मध्ये पीजीएम२ ला ०१ द्या, म्हणजे सायरनसोबत तोही चालेल. पीजीएम१ वापरू नका असं नाही, पण त्याची क्षमता ५० मिलिअँपिअरच, पीजीएम२ ची ३००.

डायलर ४जी घ्या. दुकानात स्वस्तातले अजून २जी मिळतात आणि त्यात जिओचं सिम घातलं की नेटवर्कच येत नाही, कारण जिओला २जी नाहीच. ४जी डायलर घेतानाही तो व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच, कॉल करतो का ते विचारा. नुसता डेटाला ४जी आणि कॉलला २जीवर उतरणाराही मिळतो, त्याची जिओवर तीच गत.

सिम लावायच्या आधी फोनमध्ये घालून पिन लॉक काढा. वैधता संपली की अलार्म मुका होतो आणि तुम्हाला कळायला मार्ग नाही. म्हणून लांब मुदतीचं रिचार्ज, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक खोटा अलार्म करून कॉल येतो का बघा. सिम जुन्या फोनचं वापरू नका, बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील तर दुहेरी डोकेदुखी.

क्रम असा लावा: पहिला नंबर किल्ली असलेल्या शेजाऱ्याचा, मग तुमचा, मग गावातल्याच एखाद्या नातेवाइकाचा. ११२ डायलरमध्ये भरू नका. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला पलीकडच्याने पत्ता विचारला तर उत्तर कोण देणार? माणसाने खात्री करून ११२ लावावा. आणि घरफोडीच्या बातम्यांत आपण वाचतोच की चोर आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावतात. म्हणून तीन नंबरांपैकी एक तरी त्याच ओळीत राहणारा नसावा.

---

अजिंक्यतारा_पायथा

सगळ्यांचे आभार. रीसेट झाला, लॉकआउट नव्हता. दोन रेझिस्टरवाली जोडणी केली. झोन १, २, ४, ५, ६ व्यवस्थित. आता तीन अडचणी:

झोन ३, गच्चीचं दार, कीपॅडवर कायम उघडाच. पॅनेलवरून तारा सोडवून मोजलं: दार बंद असताना २.८ किलोओहम, उघडल्यावर ३.७. काँटॅक्ट नवा आहे.

ट्रबलचा दिवा पेटलाय. स्टार २ दाबलं तर सर्व्हिस, आणि आत बेल सर्किट असं दाखवतो. सायरन अजून आणलेला नाही.

स्टार ६, मास्टर कोड, १ दाबून वेळ लावली, पण घड्याळ दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं!

---

मल्टिमीटर

घड्याळाचं आधी, कारण तासाला दहा मिनिटं म्हणजे दोष स्वतःच नाव सांगतोय. हा बोर्ड विजेच्या लहरी मोजून वेळ पाळतो. तो ६० हर्ट्झ समजून बसलाय आणि आपल्याकडे ५० आहेत, म्हणून तासात पन्नासच मिनिटं मोजतो. सेक्शन ७०१, पर्याय १ चालू करा. तुम्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणार असाल तर तिथलाच पर्याय २ चालू करून आतल्या क्रिस्टलवर टाका, इन्व्हर्टरच्या ५० हर्ट्झवर भरवसा नको.

बेल सर्किटचा ट्रबल सायरन नसल्यामुळेच. पॅनेल ती जोडी सतत तपासत असतं. सायरन येईपर्यंत बेलच्या प्लस-मायनसमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर लावा, तपकिरी-काळा-लाल. सायरन जोडताना तो काढायला विसरू नका.

---

झोन_आठ

झोन ३ चं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. बंद असताना ५.६ यायला हवे होते, आले बरोबर निम्मे. म्हणजे ५.६ ला समांतर आणखी एक ५.६ कुठेतरी आहे. उघडल्यावरचा आकडा तेच सांगतो: ११.२ आणि ५.६ समांतर केले की ३.७३. काँटॅक्ट बिनदोष आहे, तुमची जोडणीही बरोबर आहे. तारा पॅनेलवरून सोडवून मोजल्यात, म्हणजे हा तिसरा रेझिस्टर डब्यात नाही, केबलच्या वाटेत आहे. आधीच्या अलार्मवाल्याने जिन्यातल्या एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये किंवा स्विचबोर्डच्या मागे सांधा करून तिथेच लावून ठेवलेला असणार. गच्चीच्या दारापासून खाली येत प्रत्येक चौकोनी झाकण उघडा. तसं झाकण दिसलंच नाही तर जिन्याच्या पीआयआरच्या मागे बघा, दोन्ही केबल बहुधा एकाच पाइपातून उतरतात.

सापडला की तो कापून सांधा नीट रेणून घ्या. दार बंद करून ५.६, उघडून ११.२ आल्याशिवाय पॅनेलला जोडू नका. मग स्टार ८, इन्स्टॉलर कोड, ९०१ दाबून वॉक टेस्ट: प्रत्येक दार उघडा, प्रत्येक पीआयआरसमोरून आडवे चाला, दर वेळी सायरन एकेक टोला देतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि वऱ्हाडी_वायरमन म्हणतात तसं दुपारी करा.

---

अजिंक्यतारा_पायथा

जिन्याच्या पीआयआरमागेच होता, हिरवा-निळा-लाल. आता ५.६ आणि ११.२. घड्याळही ठीक चाललंय. सायरन शनिवारी.